न विकायचा भाव

वाशीच्या मिनी सीशोअरवर, रविवारी,
खाडीचा वारा माझ्याआधी येऊन बसलेला असतो.
बांबू, जाळी, चोवीस चिमटे,
पायाशी पाणी भरलेल्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या.
इथं चित्रं उडतात,
विकली जाण्याच्या कितीतरी आधी.

शेजारी तौफिक पाच मिनिटांत चेहरा काढून देतो.
गालावर खळी नसली तरी देतो.
त्याच्याकडे रांग, माझ्याकडे सावली,
म्हणून त्याची रांग माझ्या सावलीत उभी राहते
आणि चित्रांकडे पाठ करून फोन बघते.

एक बाई विती टाकून चित्र मोजतात:
"सोफ्यावर पाच विती जागा आहे,
हेच जरा आडवं नाही का मिळणार?"
एक जण फोटो काढतो, थँक्यू म्हणतो,
जाताना भेळवाला कुठं ते विचारतो.
एक मुलगा: "हे तुम्ही हातानं काढलं?"
हो रे बाबा, हातानं.
आणि गुडघ्यांनी, आणि दोन महिने थकलेल्या लाइटबिलानं.

मधल्या जाळीवर मोठं चित्र होतं.
तुर्भ्याची बंद पडलेली रंगाची कंपनी,
गंजलेलं गेट, भिंतीतून निघालेला पिंपळ,
आणि सगळ्यावर निळं,
मला वाटलं तेवढं.

हिराजी मढवी पहिल्यांदा आले
तेव्हा हातात कोळंबीची पिशवी होती.
पिशवी ठिबकत राहिली, ते बघत राहिले.
मग म्हणाले, "निला कमी परला, बाय.
आमच्या उशा निल्या असायच्या.
बायको म्हणायची, तुझा घामपन धुवायला टाक.
आन् चिमन्या दोन होत्या.
दुसरी पारली नंतर. तुला कशी दिसंल?"

मग दर रविवारी.
कधी नातवाला घेऊन, बोट दाखवत:
इथं मी हजेरी लावायचो.
चित्रात तिथं नुसता राखाडी डाग होता,
पुसायचा राहिलेला.
मी काही बोलले नाही.

मी भाव वाढवायला लागले.
आठ हजार होता. नऊ केला, मग बारा,
मग अठरा. खोडाखोड दिसू नये
म्हणून दर वेळी नवी चिठ्ठी.
"दीदी, बेचायचंय की भगवायचंय?" तौफिक म्हणाला.
मी म्हटलं, ऊन फार आहे आज.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी
पामबीचच्या कुठल्याशा टॉवरमधला एक तरुण आला.
चिठ्ठी वाचली: पंचवीस हजार.
फोन क्यूआरसमोर धरला.
घासाघीस नाही, एका रुपयाचीही.
नाही म्हणायला माझ्याकडे वाक्यच नव्हतं.
मुलीची फी भरायची होती, हेही खरं.
पुठ्ठ्यावर दोरी मीच ओढली, घट्ट.

हिराजी साडेपाचला आले.
जाळीवर चार रिकामे चिमटे,
मधून थेट खाडी.
"गेला?"
"गेलं."
"कितीला?"
मी आकडा सांगितला, आवाज खाली घेऊन,
जणू गेटाला टाळं मीच लावलं होतं.

ते हसले. इतके,
की तौफिकसमोरचं गिऱ्हाईक हललं
आणि त्याचं नाक बिघडलं.
"पंचवीस! बंद प्लांटाचे!
चालू असताना मला चोवीस वर्षांचे मिलून..."
पुढचा आकडा त्यांनी सांगितला नाही.

न विचारता चिमटे काढायला लागले.
बाटल्या ओतू का, म्हणाले,
आणि दोन्ही हातांत दोन-दोन घेऊन
कठड्याजवळच्या बदामाला घालून आले.
मग पँटला हात पुसत:
"दुसरा कार. चिमन्या दोन.
आन् निल्याचं काय ते...
उशीचा एक अभ्रा हाय घरी.
बायकोनं टाकला नाय.
पुढच्या रविवारी आनतो, बघ."